वाचकांचे प्रश्न: अमेरिकेतले बालेकिल्ले फिरतात कसे?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीवर यावेळी इतकी पत्रं आणि मेल्स आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. जवळपास सगळ्यांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडानं विचारलीये, एखादा भाग पिढ्यान्‌पिढ्या एका पक्षाला मत देतो आणि मग एक दिवस दुसऱ्याकडे जातो, हे होतं कसं? त्यातली सहा पत्रं घेतलीत.

प्रश्न: ताई, लिंकन रिपब्लिकन होते, गुलामगिरी त्यांच्या पक्षाच्या काळात संपली. मग ज्या दक्षिणेनं त्यांच्याविरुद्ध युद्ध केलं तीच दक्षिण आज रिपब्लिकनांचा बालेकिल्ला कशी? आणि कृष्णवर्णीय लोक डेमोक्रॅट्सना मत देतात, हे तर अगदीच उलटं वाटतं. — एक वाचक, पुणे

उलटं वाटतं कारण ते खरंच उलटं झालंय, फक्त एका निवडणुकीत नाही, त्याला चाळीस-पन्नास वर्षं लागली आणि मधे बऱ्याचदा मागं-पुढं झालं, ते नीट सांगते कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पण त्यातच आहेत.

१८६० ला दक्षिणेतल्या दहा राज्यांत लिंकन यांच्या नावाची मतपत्रिकासुद्धा मिळत नव्हती. युद्ध हरल्यावर तिथल्या गोऱ्या लोकांच्या डोक्यात रिपब्लिकन म्हणजे आपल्याला हरवणारे हे इतकं पक्कं बसलं की १८८० पासून १९४४ पर्यंत, १९२८ सारखे थोडे अपवाद सोडले तर, सगळी दक्षिण डेमोक्रॅट्सची. किती? १९३६ ला साउथ कॅरोलायनात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ९८ टक्क्यांहून जास्त मतं पडली. पण हा आकडा बघून तिथं एवढं एकमत होतं असं समजू नका, कारण कृष्णवर्णीयांना मतदानच करू देत नव्हते, मतदानाला कर भरा, लिहिता-वाचता येतं का याची परीक्षा द्या, आणि परीक्षा घेणारा क्लार्क ठरवणार पास का नापास. म्हणजे ते ९८ टक्के हे फक्त आत घेतलेल्या लोकांचे.

उत्तरेत जे कृष्णवर्णीय मत देऊ शकत होते ते लिंकनच्या पक्षाला देत होते, अगदी १९३० च्या दशकापर्यंत. मग महामंदी आली, रूझवेल्ट यांच्या सरकारी कामांतून हाताला काम मिळालं आणि १९३६ पासून ते मोठ्या संख्येनं डेमोक्रॅट्सकडे आले. आता बघा काय झालं, एकाच पक्षात दक्षिणेतले वर्णभेदवाले गोरे आणि उत्तरेतले कृष्णवर्णीय! हे फार टिकणार नव्हतंच. १९४८ ला पक्षानं नागरी हक्कांची बाजू घेतल्यावर साउथ कॅरोलायनाचे वर्णभेदवाले गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड बाहेर पडून वेगळे लढले आणि साउथ कॅरोलायना, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना ही चार राज्यं घेऊन गेले.

खरा घाव १९६४ चा. २ जुलैला डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. गंमत म्हणजे संसदेत या कायद्याला डेमोक्रॅट्सपेक्षा रिपब्लिकनांचा पाठिंबा टक्केवारीत जास्त होता, पण त्यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये विरोधात मत दिलं होतं. नोव्हेंबरमध्ये गोल्डवॉटर देशभर आपटले, फक्त सहा राज्यं मिळाली, त्यांचं स्वतःचं ॲरिझोना आणि बाकी पाच सगळी खोल दक्षिणेतली. मिसिसिपीत ८७ टक्के! त्याच मिसिसिपीनं २८ वर्षांपूर्वी रूझवेल्टना ९७ टक्के दिले होते. आणि त्याच वर्षी उलट्या टोकाला, १८५६ पासून एकदाही रिपब्लिकनांना न सोडलेल्या व्हर्मॉंटनं पहिल्यांदा डेमोक्रॅटला मत दिलं.

पुढच्या वर्षी मतदान हक्क कायदा आला. १९६४ ला मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांपैकी ७ टक्क्यांपेक्षा कमी लोकांची नोंदणी होती, १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे कोण कोणाला मत देतं हे जसं बदललं तसं मत कोण देऊ शकतं हेही बदललं, आणि हे दुसरं बऱ्याच लेखांत सुटतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

त्यानंतर सरळ रेषेत दक्षिण रिपब्लिकन झाली का, तर नाही. १९६८ ला अलाबामाचे वर्णभेदवाले माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पक्षाकडून दक्षिणेतली पाच राज्यं जिंकले. १९७६ ला जॉर्जियाचे शेंगदाण्याची शेती असलेले जिमी कार्टर उभे राहिले तर लिंकन यांच्या काळात देशातून फुटलेल्या ११ राज्यांपैकी १० डेमोक्रॅट्सकडे परत, फक्त व्हर्जिनिया गेलं. चारच वर्षांनी रिपब्लिकन रेगन यांच्यासमोर त्याच कार्टरना त्यातलं एकटं जॉर्जिया राहिलं. लोक मला विचारतात की हे सगळं वंशावरून झालं का पैशावरून, तर माझं मत असं की १९६४ नसतं तर हे घडलंच नसतं, पण एकट्या १९६४ नं भागलं असतं तर कार्टर ते दहा जिंकलेच नसते. मधल्या काळात गर्भपात आणि शाळेतल्या प्रार्थनेवरून चर्चवाले एकत्र आले, उत्तरेतले कारखाने आणि माणसं उबदार राज्यांत आली, अटलांटा-डॅलसभोवती नवीन सबर्ब वाढले जिथं कर कमी ठेवा म्हणणारा पक्ष लोकांना आपला वाटला. आणि राष्ट्राध्यक्षाचं मत फिरलं तरी खालची मतं जुन्याच पक्षाला जात राहिली, अलाबामाचं विधिमंडळ रिपब्लिकनांकडे गेलं ते थेट २०१० मध्ये.

प्रश्न: मी वणी भागात कोळसा खाणीत नोकरी केली, युनियनमध्ये होतो. वेस्ट व्हर्जिनियाचे खाण कामगार आधी डेमोक्रॅट होते आणि आता ७० टक्के ट्रम्पना देतात असं वाचलं. युनियनवाला कामगार मालकाच्या पक्षाला मत कसं देईल, हे मला खरंच समजत नाही. — एक निवृत्त कामगार, यवतमाळ जिल्हा

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. एक जागा जवळून दाखवते, मॅकडॉवेल काउंटी, राज्याच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला डोंगरात. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा समजा. १९६० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जॉन केनेडी याच राज्यात फिरले, खाणीतल्या लोकांची गरिबी पाहिली, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६१ मध्ये फूड स्टॅम्पची, म्हणजे गरिबांना अन्न घ्यायला सरकारी कूपन द्यायची, पहिली प्रायोगिक योजना सुरू झाली तेव्हा पहिले कूपन याच काउंटीतल्या वेल्च गावात दिले गेले. असल्या जागी डेमोक्रॅट असणं हे काही विचार करून ठरवायची गोष्ट नव्हतीच, घरातच असायचं ते.

१९५० ला तिथं जवळपास ९९ हजार लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत साधारण १९ हजार. हे आधी लक्षात घ्या. आधी मशिनं आली, एका मशिनवर कित्येक माणसांचं काम व्हायला लागलं, मग पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्याचा कमी गंधकाचा स्वस्त कोळसा, मग नैसर्गिक वायू इतका स्वस्त झाला की वीज कंपन्यांनी कोळसाच सोडायला सुरुवात केली, आणि वरून पर्यावरणाचे नियम. माझ्या मते यात नियमांचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे, पण मशीन आणि बाजारभाव यांच्याविरुद्ध कोणी उभं राहून मत देऊ शकत नाही ना, वॉशिंग्टनमधल्या पक्षाविरुद्ध देऊ शकतो.

आणि युनियन नुसती पगारासाठी नव्हती हे तुम्हाला मी काय सांगणार. मतदानाच्या आधी कोणाच्या मागं उभं राहायचं हे हॉलमध्ये ठरायचं, नेता घरी येऊन सांगायचा. खाण बंद झाली, युनियनचा हॉल बंद झाला, तरुण पोरं शार्लटला नाहीतर ओहायोला गेली, मागं राहिले निवृत्त लोक, चर्च, बंदुका, आणि टीव्ही. मग मत कशावर ठरणार?

राज्याचं बघितलं तर १९९६ ला क्लिंटन तिथं आरामात जिंकले, २००० ला बुश जिंकले आणि त्या पाच इलेक्टोरल मतांनी (प्रत्येक राज्याची अशी ठरलेली मतं असतात, त्यांच्या बेरजेवर राष्ट्राध्यक्ष ठरतो) इतिहास बदलला, कारण बुश २७१ आणि डेमोक्रॅट अल गोर २६६ होते, फ्लोरिडा गेलं तरी ही पाच मिळाली असती तर गोर राष्ट्राध्यक्ष होते. बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले, सगळं जग त्यावरच बोलत राहिलं आणि वेस्ट व्हर्जिनियाकडे फार कोणी बघितलं नाही. मॅकडॉवेलनं मात्र २००८ पर्यंत धरून ठेवलं होतं, ओबामा तिथं जिंकले! २०१२ ला गेली ती गेलीच, २०१६ ला ट्रम्पना चारातली तीन मतं. २०१६ च्या मार्चमध्ये हिलरी क्लिंटन एका कार्यक्रमात म्हणून गेल्या की आपण बऱ्याच कोळसा कामगारांना बेकार करणार आहोत, खरं तर त्या तिथं नवीन रोजगार कसा आणायचा हे सांगत होत्या पण ते एकच वाक्य गावोगाव फिरलं.

शेजारच्या केंटकीत इलियट काउंटी आहे, ती १८६९ ला तयार झाल्यापासून २०१२ पर्यंत प्रत्येक निवडणुकीत डेमोक्रॅट, एकही अपवाद नाही, जवळजवळ सगळी गोरी वस्ती. २०१६ ला ट्रम्पना ७० टक्के. दीडशे वर्षांचं घराणं एका रात्रीत मोडलं असं वाटतं, पण २००८ आणि २०१२ लाच डेमोक्रॅट्सचं मार्जिन (म्हणजे आघाडी) झपाट्यानं खाली आलं होतं, बाहेरून कोणाला दिसलं नाही कारण रंग तोच होता.

तर मालकाच्या पक्षाला मत कसं, याचं माझं उत्तर असं की त्यांच्या डोळ्यासमोर मालक राहिलाच नाहीये, तो खाण विकून गेला. समोर राहिलेत ते शहरातले शिकलेले लोक जे टीव्हीवर त्यांना मागासलेले म्हणतात, आणि ते लोक त्यांना डेमोक्रॅट पक्षात दिसतात. ते बरोबर का चूक यावर मी तुमच्याशी वाद घालू शकते पण तो राग खरा आहे.

प्रश्न: रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे हे कधीपासून? लाल तर डाव्यांचा रंग ना? — कोल्हापूर

पक्कं झालं ते २००० पासून. त्याआधी प्रत्येक चॅनेल आपापले रंग वापरायचं, १९८० ला एका मोठ्या चॅनेलवर रेगन यांची राज्यं निळी दाखवली होती. २००० ची मोजणी महिनाभर लांबली, तोच नकाशा रोज टीव्हीवर, तेव्हा जे रंग होते ते डोक्यात बसले. म्हणून जुन्या निवडणुकांचे लाल-निळे नकाशे बघताना लक्षात ठेवा की ते नंतर रंगवलेत.

प्रश्न: मुलगी आणि जावई व्हर्जिनियात ॲशबर्नला असतात. जावई म्हणतात आमच्याकडे निवडणूक आधीच ठरलेली असते, पण वीस वर्षांपूर्वी तिथंच बुश जिंकले होते म्हणे. आपल्या लोकांनी तिथं जाऊन निकाल बदलला असं म्हणता येईल का? — ठाणे

काकू, जावई बरोबर सांगतायत. ॲशबर्न ज्या लाउडन काउंटीत आहे ती १९६४ नंतर सरळ रिपब्लिकन होती, २००४ ला बुश तिथं आरामात जिंकले, २००८ ला ओबामांनी ती घेतली आणि त्याच वर्षी ४४ वर्षांनी अख्खं व्हर्जिनिया डेमोक्रॅट झालं, तेव्हापासून तसंच आहे. लोकसंख्या बघा, १९९० ला ८६ हजार, २०२० ला ४ लाख २० हजार. जिथं घोडे पाळायची कुरणं होती तिथं आता डेटा सेंटर्स आणि टाउनहाऊसेस. इथं जुन्या लोकांनी मन बदललं यापेक्षा मतदारच नवे आले, हा फिरण्याचा दुसरा प्रकार, मॅकडॉवेलच्या अगदी उलटा, तिथं माणसं गेली आणि इथं माणसं आली.

आपल्या लोकांचा वाटा आहे पण एकट्यांचा नाही. एक तर एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, नागरिक व्हावं लागतं, आणि त्याला आपल्या लोकांना कित्येक वर्षं लागतात. शिवाय आधीच तिथं असलेले पदवीधर गोरेसुद्धा हळूहळू सरकले. शिक्षण ही गेल्या दहा-पंधरा वर्षांतली सगळ्यात मोठी भिंत झालीये, पदवी असलेले डेमोक्रॅट्सकडे, नसलेले रिपब्लिकनांकडे, एकेकाळी हे जवळपास उलटं होतं.

आणि भारतीय कायमचे डेमोक्रॅट असंही धरून चालू नका. २०२० ला निवडणुकीआधीच्या सर्व्हेत दहातले सात जण बायडन म्हणत होते, २०२४ ला हॅरिसबाईंसाठी सहाच्या आसपास, त्या स्वतः अर्ध्या भारतीय असून. तरुण पुरुषांमध्ये घसरण जास्त. न्यू जर्सीत, जिथं आपली किती मराठी माणसं आहेत, तिथं डेमोक्रॅट्स २०२० ला १६ पॉइंट्सनी (म्हणजे दोघांच्या टक्क्यांतल्या फरकानं) जिंकले आणि २०२४ ला जेमतेम ६ नी, अर्थात त्यात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घराण्यांच्या, वस्त्यांचा वाटा खूप मोठा आहे. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ ला मिशिगनमधून डेमोक्रॅट म्हणून संसदेत गेले, त्यांच्या डेट्रॉइटच्या शेजारी डिअरबॉर्न आहे, अरब वस्तीचं शहर, तिथं २०२४ ला गाझावरून लोक इतके चिडले होते की ट्रम्प पहिले आले.

प्रश्न: मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. स्थलांतरितांविरुद्ध इतकं बोलून ट्रम्पना मेक्सिकोच्या सीमेवर मतं कशी मिळाली? — नागपूर

स्टार काउंटी घे, टेक्ससमध्ये, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर, नदीपलीकडे मेक्सिको. शंभरातले ९५ हून जास्त लोक हिस्पॅनिक, म्हणजे साधारण लॅटिनोच. २०१६ ला हिलरी क्लिंटन ७९ टक्के. २०२० ला बायडन कसेबसे ५२. २०२४ ला ट्रम्प जिंकले, शंभरहून जास्त वर्षांनी पहिला रिपब्लिकन. आठ वर्षांत इतकं!

पहिली गोष्ट, ही माणसं स्वतःला स्थलांतरित समजतच नाहीत, कित्येकांची घरं टेक्सस अमेरिकेत यायच्या आधीपासून तिथं आहेत. दुसरी, तिथं चांगल्या पगाराची नोकरी म्हणजे सीमा सुरक्षा दल, पोलीस, नाहीतर तेलविहिरी, आणि डेमोक्रॅट पक्षातला एक गट या तिन्हीच्या विरोधात बोलत होता. तिसरी, महागाई, गरीब काउंटीत अंडी-पेट्रोल महागलं की ते भाषणापेक्षा जास्त बोलतं. चौथी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, डेमोक्रॅट्सनी तिथं वर्षानुवर्षं प्रचारच नीट केला नाही, आपलेच आहेत म्हणून. तुझ्या अभ्यासासाठी मायामी-डेडही बघ, २०१६ ला क्लिंटन जवळपास ३० पॉइंट्सनी पुढे आणि २०२४ ला ट्रम्प ११ नी. पण तिथले क्युबन-व्हेनेझुएलन आणि इथले मेक्सिकन यांची कारणं वेगवेगळी आहेत, लॅटिनो म्हणून एकच गठ्ठा धरून पेपर लिहू नकोस. आणि हे फिरणं टिकेल का हे एका निवडणुकीवरून ठरवू नकोस, १९७६ ला परत आलेली दक्षिण १९८० ला गेली होती.

प्रश्न: २०२८ ला रात्र जागून निकाल बघायचाय. नेमकं कुठं बघू म्हणजे काय फिरतंय ते आधी कळेल? — मडगाव

राज्याच्या रंगाकडे नका बघू, मार्जिन बघा आणि मागच्या वेळच्या मार्जिनशी जुळवा. जॉर्जियाचं उदाहरण घ्या, रिपब्लिकनांची आघाडी २०१२ ला जवळपास ८ पॉइंट, २०१६ ला ५, २०२० ला बायडन ११,७७९ मतांनी पुढे, २०२४ ला ट्रम्प २ नी. २०१२ ते २०१६ मध्ये रंग तोच होता म्हणून बातमी झाली नाही, पण अटलांटाच्या बाजूच्या कॉब आणि ग्विनेट काउंट्या २०१६ लाच फिरल्या होत्या, ज्यांनी ते पाहिलं त्यांना २०२० चा धक्का बसला नाही.

पूर्वी ओहायो जिकडे तिकडे देश असं म्हणायचे, १९६४ पासून २०१६ पर्यंत ते खरं ठरलं आणि २०२० ला चुकलं. इंडियानाची व्हिगो काउंटी १९५६ पासून बरोबर येत होती, तीही २०२० ला चुकली. तेव्हा असल्या शकुनाच्या जागांच्या मागं लागू नका, देश बदलला की त्या जागा देशासारख्या राहत नाहीत.

रात्री भारतीय वेळेनं पहाटे साडेपाचच्या सुमाराला जॉर्जिया आणि व्हर्जिनियाचं मतदान संपतं, तिथून सुरुवात करा. व्हर्जिनियात लाउडन उघडा, डेमोक्रॅट्स २०२४ च्या ५६ टक्क्यांच्या वर आहेत का खाली एवढंच बघा, पण टपाली आणि आगाऊ मतं कधी मोजली जातात त्यावर पहिल्या तासाचे आकडे खूप हलतात, म्हणून ९० टक्क्यांहून जास्त मोजणी झालेल्या काउंट्याच धरा. मग पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, ही तिन्ही २०१६, २०२० आणि २०२४ ला एकत्रच फिरली. स्टारचे आकडे यायला आपल्याकडे सकाळचे आठ वाजून जातील, चहा घेऊन बसा.